'प्रभात'चे दामलेमामा आणि साहेबमामा

धागाकर्ता : एरंडवणेकर

गेल्या आठवड्यात घरी 'संत तुकाराम' लावला होता. आईचं वय ८४. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं होऊनही पडद्यावरचं तिला आता धड दिसत नाही, म्हणून ती डोळे मिटून, खुर्चीला टेकून बसते आणि ऐकते. लहानपणी तंबूत हा चित्रपट अर्धाच पाहिलेला, त्यातलं काही आठवत नव्हतं. सुरुवातीला 'पांडुरंग ध्यानी, पांडुरंग मनी' झालं. मग तोच अभंग दुसऱ्या आवाजात सुरू झाला, तशी आई म्हणाली, "हा दुसरा कोण? हा देवासाठी नाही गात, माणसांसाठी गातोय." तो तुकारामांचे अभंग स्वतःचे म्हणून गाणारा सालोमालो होता. मी तिला काहीच सांगितलेलं नव्हतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. १९३६ सालचा चित्रपट. डोळे मिटून बसलेल्या बाईला नव्वद वर्षांनी त्यातल्या माणसाची नियत कळते, हे कुणाचं काम? तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनीसांचं आहेच, संगीत देणाऱ्या केशवराव भोळ्यांचं आहेच. पण त्या आवाजामागे उभे असलेले विष्णुपंत गोविंद दामले आणि शेख फत्तेलाल या दोघांबद्दल आपण फार कमी बोलतो. 'प्रभात' फिल्म कंपनीच्या स्टुडिओत त्यांना सगळे दामलेमामा आणि साहेबमामा म्हणायचे.

थोडक्यात ओळख करून देतो. दामले मूळचे पेणचे, जन्म १८९२. फत्तेलाल कागलचे, जन्म १८८६. दोघांची गाठ पडली कोल्हापुरात, आनंदराव आणि बाबूराव या पेंटर बंधूंच्या कामाभोवती. नाटकांचे पडदे रंगवायचे, यंत्रं खोलायची, जोडायची. बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि कॅमेरा कोल्हापुरातच बनवला, त्यात दामल्यांचा हात होता. १ जून १९२९ रोजी व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सराफीचा व्यवसाय असलेले सीतारामपंत कुलकर्णी या पाच जणांनी कोल्हापुरात 'प्रभात' सुरू केली. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर ती जागा आहे, आज तिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

'प्रभात'मध्ये दामल्यांकडे ध्वनी आणि फत्तेलालांकडे कलादिग्दर्शन. आणि 'संत तुकाराम'चं दिग्दर्शन दोघांचं मिळून. मुंबईत हा चित्रपट एकाच थिएटरात वर्षाहून जास्त चालला. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याची जगातल्या निवडक उत्तम चित्रपटांत गणना झाली. आठ वर्षांनी, १९४५ मध्ये, दामले गेले. वय अवघं ५२.

माझं म्हणणं एवढंच आहे की चित्रपटाचा इतिहास आपण चेहऱ्यांवरून लिहितो. नट, नटी, फार तर दिग्दर्शक. 'प्रभात' मात्र मुळात कारागिरांची कंपनी होती, आणि तिचं मोठेपण कारागिरीतूनच आलंय असं मला मनापासून वाटतं. जाणकारांनी भर घालावी, चुकत असेन तर सांगावं.


प्रतिसाद : रंकाळा

एरंडवणेकर, धागा काढलात, फार बरं वाटलं. पण कोल्हापूरकर म्हणून गोष्ट जरा मागे नेतो, कारण पुण्याला जी इमारत उभी राहिली तिचा पाया आमच्याकडे आहे.

बाबूराव पेंटर म्हणजे बाबूराव कृष्णराव मेस्त्री. घराणं सुताराचं. लाकूड, लोखंड, रंग, हे सगळं हाताखालून गेलेलं. त्यांचे चुलतभाऊ आनंदराव कॅमेऱ्याच्या ध्यासातच १९१६ मध्ये गेले आणि ते काम बाबूरावांनी पुरं केलं. १९२० ची 'सैरंध्री' त्यातूनच आली. १९२५ चा 'सावकारी पाश' तर ना. ह. आपट्यांच्या कथेवरचा, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचा मूकपट. देवादिकांच्या कथांचे दिवस होते ते, आणि हा माणूस सावकार आणि कुळ दाखवत होता. त्यातला तरुण शेतकरी कोण, तर शांताराम.

म्हणजे पुढे 'प्रभात'मध्ये जे दिसतं ते सगळं एका गुरूच्या हाताखाली शिकलेल्यांचं आहे. पोस्टरसुद्धा बाबूराव स्वतः रंगवायचे. त्यांच्याकडे नट, रंगारी आणि सुतार अशी वेगवेगळी जात नव्हती. एकच पोरगा सकाळी पडदा रंगवायचा, दुपारी तोंडाला रंग लावून उभा राहायचा, रात्री फिल्म धुवायला बसायचा. शांतारामबापू असेच वाढले.

आणि एक दुरुस्ती. दामले-फत्तेलाल १९३६ मध्ये एकदम दिग्दर्शक झाले, असा समज तुमच्या लिखाणावरून होऊ शकतो. १९२८ चा 'महारथी कर्ण' या दोघांनीच दिग्दर्शित केला होता, महाराष्ट्र फिल्म कंपनीतच. तंत्रज्ञ होते आणि मग बढती मिळाली, असं नाही ते.


प्रतिसाद : एरंडवणेकर

बरोबर आहे, 'महारथी कर्ण' मी विसरलो. धन्यवाद.


प्रतिसाद : तानपुरा

आईंचं ते वाक्य वाचून अंगावर काटा आला. कारण त्यांनी नेमकं तेच पकडलं, जे भोळ्यांनी तिथे पेरलंय.

पुन्हा ऐका तो भाग. तुकाराम गातात तेव्हा चाल अगदी साधी आहे. ओळ जिथे संपते तिथे संपते, पुढे तान नाही, हरकत नाही. पागनीस नाटकातून आलेले, तेही स्त्रीभूमिका करणारे. म्हणजे गळ्यात सगळं होतं, पण इथे त्यांनी ते उंबऱ्याबाहेर ठेवलं. मग सालोमालो तोच अभंग स्वतःच्या नावावर खपवतो तेव्हा तो नाट्यपदासारखा गातो. शब्द तेच. ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही की चोर कोण. मराठी माणसाच्या कानाला भजन आणि नाटक यांतला फरक तेव्हा चांगलाच ठाऊक होता, आणि भोळ्यांनी त्या कानावर पूर्ण विश्वास टाकला. मला तर आपल्या चित्रपटसंगीतातली ही सगळ्यात हुशार जागा वाटते.

'आधी बीज एकले' बद्दलही लिहायलाच हवं. आजही कित्येकांना तो तुकोबांचाच अभंग वाटतो. तो शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी लिहिला. वारकरी घरात वाढलेल्या माझ्या वडिलांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी दोन दिवस गाथा चाळली होती. नंतर गाथा मिटून म्हणाले, "मग आठवले मोठा माणूस."

याच आठवल्यांचं 'शेजारी'मधलं 'लख लख चंदेरी' आहे, संगीत मास्टर कृष्णरावांचं. समूहगीत कसं उभं करावं ते त्यातून शिकावं.


प्रतिसाद : चौकटीतला

धागा छान, माहिती छान, पण मूळ मुद्द्याला माझा विरोध आहे. 'प्रभात'चं मोठेपण कारागिरीतून आलं म्हणताना तुम्ही शांतारामबापूंना बाजूला सारताय.

कारागिरी कोल्हापूरच्या इतर कंपन्यांकडेही होती. 'प्रभात'ला वेगळं केलं ते बापूंच्या अस्वस्थपणाने. यादीच पाहा. १९३२ चा 'अयोध्येचा राजा', पहिला मराठी बोलपट. दुर्गाबाई खोटे तारामती, गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र. १९३३ मध्ये रंगीत 'सैरंध्री' करायला निघाले, जर्मनीला जाऊन प्रती काढल्या, रंग मनासारखे आले नाहीत. दुसरा असता तर खचला असता. बापू जर्मन चित्रपट बघून, नव्या भिंगांचा अभ्यास करून परतले आणि १९३४ मध्ये 'अमृतमंथन' केला. राजगुरूचा तो पडदाभर डोळा! हिंदीत चंद्रमोहन, मराठीत केशवराव दाते. ज्यांनी ती चौकट एकदा पाहिली ते विसरलेले नाहीत.

त्यानंतर १९३७ चा 'कुंकू', १९३९ चा 'माणूस', १९४१ चा 'शेजारी'. म्हाताऱ्याशी फसवून लावलेल्या लग्नाला नकार देणारी मुलगी, वेश्येवर प्रेम करणारा पोलीस शिपाई, धरणाखाली गेलेली हिंदू-मुसलमान दोस्ती. चार वर्षांत एकाच माणसाने हे तीन विषय पडद्यावर आणले. हे सुतारकाम नव्हे. याला छातीत धग लागते.

१९४२ मध्ये बापू बाहेर पडले, मुंबईत राजकमल काढलं. त्यानंतर 'प्रभात'ने केलेल्या चित्रपटांपैकी सामान्य प्रेक्षकाला आठवतो तो एक 'रामशास्त्री'. १९५३ मध्ये कंपनी बंद. इकडे बापू 'डॉ. कोटणीस की अमर कहानी', 'दो आँखें बारह हाथ', 'पिंजरा' करत राहिले. मग सांगा, प्राण कुणाचा होता?


प्रतिसाद : एरंडवणेकर

चौकटीतला, तुमचा मुद्दा नीट विचार करून मान्य करतो, पण अर्धाच.

बापूंशिवाय 'प्रभात'ला समाजाकडे बघायची नजर आली नसती, हे खरं. १९४२ नंतरची घसरण हा त्याचा पुरावा आहे, हेही खरं. पण त्याच काळात दामलेमामांची तब्येत ढासळत होती आणि १९४५ ला ते गेले. धायबर आधीच बाहेर पडले होते. म्हणजे एक खांब निघाला आणि घर पडलं असं झालं नाही, एकामागून एक खांब निघत गेले.

दुसरं असं की बापूंचा कॅमेरा तुम्हाला कधी विसरू देत नाही की तो आहे. राजगुरूचा डोळा आठवतो, कारण तो तुमच्याकडे बघतो. 'संत तुकाराम'मध्ये व्ही. अवधूतांचा कॅमेरा जवळपास गावातल्या माणसासारखा उभा आहे. आवलीचं भांडण तो ओसरीवरून बघतो. चमत्कारसुद्धा तो असा बघतो की जणू शेजाऱ्याकडे पाहुणे आलेत. दामले-फत्तेलालांची ही वृत्ती मला जास्त जवळची वाटते, आणि ती स्टुडिओत कामाला उभं राहून आलेली आहे असं मी म्हणतो. आवली करणारी गौरी पाहा. नामवंत नटी नव्हे, कंपनीतच लहानसहान कामं करत आलेली बाई. म्हशीशी बोलताना, पोरगं आजारी पडल्यावर पायताण घेऊन देवळात विठोबावर धावून जाताना ती कुठेही अभिनय करतेय असं वाटत नाही. तिला त्या जागी उभी करायला पारखी डोळा लागतो, आणि मग तिच्या वाटेत न येण्याचं शहाणपण लागतं.


प्रतिसाद : चौकटीतला

गौरीबद्दल पूर्ण सहमत. त्या चित्रपटात तुकारामापेक्षाही आवली मोठी वाटते मला. वैकुंठाचं विमान जातं आणि ती पोरांसकट इथेच उरते. तिथे माझे डोळे दर वेळी भरून येतात.


प्रतिसाद : दुधनीची सून

मी या विषयातली जाणकार नाही, पण माझं सासर अक्कलकोट तालुक्यातल्या दुधनीचं, आणि शांता आपटे दुधनीत जन्मल्या, म्हणून लिहिते.

वर सगळ्यांनी मामा, मामा म्हणून लिहिलंय. आपल्याकडे कामाच्या ठिकाणी नातं जोडायची पद्धत आहे आणि त्यात माया असते, मी नाकारत नाही. पण मालक मामा झाला की पगाराचं आणि कराराचं त्याच्याशी कोणत्या तोंडाने बोलायचं? भाचीने मामाला लेखी कागद मागायचा का?

शांताबाईंनी मागितला. १९३९ साली करार आणि पैसे यांवरून बिनसल्यावर त्या स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. तेव्हा त्या 'कुंकू'मधली नीरा म्हणून देशभर गाजलेल्या होत्या. ज्या बाईने पडद्यावर म्हाताऱ्या नवऱ्याला सांगितलं की मी हे लग्न मानत नाही, ती फाटकाबाहेर रस्त्यावर बसली. कल्पना करा, १९३९. बाईने सिनेमात काम करणंच वाईट चालीचं समजलं जायचं, आणि ही आपल्या हक्कासाठी चारचौघांत बसते. दुसऱ्या वर्षी त्यांनी 'जाऊ मी सिनेमांत?' हे पुस्तक लिहिलं. हा धंदा आतून कसा चालतो, कुणाच्या जिवावर चालतो, ते एका नटीने स्वतःच्या अक्कलहुशारीने मांडलं.

आणि 'प्रभात' सुटल्यावर त्या घरी बसल्या नाहीत. १९४१ च्या तमिळ 'सावित्री'त त्या सावित्री झाल्या, तमिळ शिकून. त्या चित्रपटात नारद कोण, तर एम. एस. सुब्बुलक्ष्मी! १९६४ मध्ये गेल्या, पन्नाशीही झाली नव्हती.

एरंडवणेकर, कारागिरांचा इतिहास लिहा, जरूर लिहा. पण गळा हीसुद्धा कारागिरी आहे, आणि तिचा मोबदला मागणाऱ्या बाईला त्या इतिहासात फक्त 'गाजलेला चेहरा' म्हणून टाकू नका.


प्रतिसाद : एरंडवणेकर

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी वर 'चेहऱ्यांवरून इतिहास लिहितो' असं लिहिलं, तेव्हा नट-नट्यांना कारागीर समजलोच नव्हतो. ती माझी चूक होती. मामा या शब्दाबद्दल तुम्ही म्हणता ते माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. आभारी आहे.


प्रतिसाद : मैना

दुधनीची सून, खूप छान लिहिलंत. त्याच रांगेत शांता हुबळीकरांचं नाव घालते.

'माणूस'मधली मैना. 'कशाला उद्याची बात' हे गाणं अनंत काणेकरांचं, चाल मास्टर कृष्णरावांची. वेगवेगळ्या प्रांतांचे गिऱ्हाईक समोर बसलेत म्हणून ती एकाच गाण्यात भाषा बदलत जाते. मूळच्या हुबळीजवळच्या खेड्यातल्या, त्यामुळे मराठी त्यांनी कमावलेली भाषा. पुढे सगळं ओसरल्यावर म्हातारपणी त्या वृद्धाश्रमात होत्या. आत्मचरित्राला नाव दिलं त्याच गाण्याचं. ते वाचताना मी मध्येच पुस्तक मिटून ठेवलं होतं, दोन दिवस पुढे वाचवेना.

हंसा वाडकरही 'प्रभात'मध्ये होत्या. १९४१ च्या 'संत सखू'मध्ये सखू त्यांनीच केली, आणि त्या चित्रपटाच्या दिग्दर्शनात दामले-फत्तेलाल होते, सोबत राजा नेने. पुढे त्यांनी 'सांगत्ये ऐका' या आत्मकथेत जे सांगितलं त्यावर श्याम बेनेगलांनी १९७७ मध्ये 'भूमिका' केला. एकाच कंपनीतून गेलेल्या तीन बायकांनी स्वतःचं आयुष्य स्वतः लिहून किंवा सांगून ठेवलं. दुर्गाबाईंचं 'मी, दुर्गा खोटे' धरलं तर चार. ही पुस्तकं एकापाठोपाठ एक वाचली की बोलपटाची पहिली पन्नास वर्षं एका वेगळ्याच दारातून दिसतात.


प्रतिसाद : रेडिओकाका

रेडिओवर ध्वनिमुद्रणाच्या कामात ३१ वर्षं काढली. धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे येतो, आवाजाकडे.

आज फोनवर बटण दाबलं की आवाज साठतो, म्हणून त्या वेळची अडचण डोळ्यांपुढे येत नाही. तेव्हा टेप नव्हती. आवाजाचा प्रकाश करायचा आणि तो प्रकाश फिल्मवर उमटवायचा. चित्रपटाच्या पट्टीवर कडेला जी नागमोडी किंवा आडव्या रेघांची रेष दिसते, तो आवाज. म्हणजे तो लगेच ऐकता येत नाही. फिल्म धुऊन येईपर्यंत आवाज बरा आला की बिघडला, कळणार नाही. धुण्याच्या रसायनाची तीव्रता किंवा तापमान जरा इकडे-तिकडे झालं की बोलणं गढूळ. चित्र काळंपांढरं थोडं कमी-जास्त चालून जातं, आवाजाला ती सूट नाही.

वर पुन्हा कॅमेऱ्याची घरघर. त्याला पेटीत कोंडायचं. दिव्यांची गुणगुण. मायक्रोफोन एखाददुसरा, वरून टांगलेला. नटाने मान वळवली की आवाज पडला. गाणं असेल तर वादक चौकटीबाहेर लपवायचे आणि सगळं एका दमात घ्यायचं. १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने आधी गाणं ध्वनिमुद्रित करून मग चित्रित करायची सोय आणली, तोवर सगळीकडे हाच प्रकार.

आता 'प्रभात'ची ताकद कशात होती ते बघा. ध्वनी, कॅमेरा, धुलाई, नेपथ्य, संकलन, सगळं एका कुंपणात. सकाळी बिघडलं तर संध्याकाळपर्यंत कुठे बिघडलं ते शोधता येत होतं, कारण ज्याच्याकडे शोधायचं तो पलीकडच्या खोलीत. आणि ध्वनीचा मुख्य माणूस नोकर नव्हता, मालकांपैकी एक होता. हे फार महत्त्वाचं आहे. माझ्या नोकरीत किती वेळा असं झालं की आवाज नीट आला नाही म्हणून मी पुन्हा घ्या म्हटलं, आणि वरच्याने 'चालतंय' म्हणून पुढे रेटलं. दामल्यांना 'चालतंय' म्हणणारा वर कुणी नव्हता.

एरंडवणेकर, आता आईंना 'कुंकू' ऐकवा. मुद्दाम ऐकवा म्हणतोय. त्यात पार्श्वसंगीत नाहीच. जो आवाज येतो तो त्या घरातला. भिंतीवरचं घड्याळ, भांडी, पावलं. गाणं आलं तर तेही प्रसंगातलं, शांताबाई ग्रामोफोनच्या तबकडीसोबत इंग्रजी कविता गातात तेही तसंच. १९३७ मध्ये, जेव्हा बोलपट म्हणजे चाळीस-चाळीस गाणी असा हिशोब होता, तेव्हा बापूंनी हा निर्णय घेतला. चौकटीतला यांचा मुद्दा इथे पूर्ण खरा ठरतो. पण ते धाडस कुणाच्या भरवशावर? ध्वनिविभाग कच्चा असता तर त्या शांततेत नुसती खरखर ऐकू आली असती.


प्रतिसाद : चौकटीतला

काका, हे असं कुणी कधी समजावून सांगितलं नव्हतं. मी माझा विरोध मागे घेतो असं नाही, पण आता त्याला दुसरी बाजू जोडून घेतो.


प्रतिसाद : रंधा

आजोबा सुतार होते, फिरत्या नाटक कंपनीत पडदे आणि चौकटी ठोकायचे. दूरदर्शनवर जुने 'प्रभात'चे चित्रपट लागले की ते माणसांकडे बघायचेच नाहीत. दारांकडे बघायचे. मी सात-आठ वर्षांचा असेन, मला म्हणाले होते, "नाटकातलं दार उघडलं की भिंत हलते. याचं दार उघडलं, भिंत हलली का बघ." आणि मी पूर्ण चित्रपट भिंती बघत बसलो होतो.

साहेबमामांचं काम मला तेव्हापासून असं माहीत आहे. देहूचं घर असो की 'कुंकू'मधला वाडा, तिथे कुणीतरी आधीपासून राहतंय असं वाटतं. पडदे रंगवणाऱ्याला खोटी खोली कशी दाखवायची ते येतं. खरी खोली उभी करताना हे कसब विसरावं लागतं, आणि तेच अवघड, असं आजोबांचं मत.

एक गोष्ट इथे कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. 'संत तुकाराम' आणि 'संत ज्ञानेश्वर' करणाऱ्या जोडीतला एक जण शेख फत्तेलाल होता. दामले गेल्यावर १९५५ मध्ये त्यांनी केलेल्या चित्रपटाचं नाव 'जगद्गुरू शंकराचार्य'. आमच्या घरी याचं कधी कुणाला नवल वाटलं नाही. आजोबा एवढंच म्हणायचे की कागलच्या माणसाने पंढरपूरची वाट पाहिलेली असणारच.


प्रतिसाद : तानपुरा

रंधा, तुमच्या आजोबांना नमस्कार.


प्रतिसाद : नवीन सभासद ०७

मी २३ वर्षांची आहे, चित्रपट संकलन शिकते. हा धागा सकाळपासून तीनदा वाचला. एक प्रश्न आहे. वर 'सावकारी पाश', १९२० ची 'सैरंध्री' यांचा उल्लेख आलाय. हे मूकपट कुठे बघायला मिळतील?


प्रतिसाद : रंकाळा

बाळ, वाईट वाटतं सांगताना. मूक 'सावकारी पाश' आता नाही. १९३६ मध्ये बाबूरावांनी तोच विषय बोलपट म्हणून पुन्हा केला होता, पण तो पहिला, ज्यात तरुण शांताराम शेतात उभा आहे, तो गेला. बाबूरावांच्या बहुतेक मूकपटांची हीच गत.

कारण फिल्मच तशी होती. तेव्हाची पट्टी नायट्रेटची. उकाड्यात चिकट होते, मग भुकटी होते, आणि पेट घेतला तर पाणी मारूनही विझत नाही. शिवाय त्यात चांदी असते, म्हणून चालून झालेली रिळं वितळवायला भंगारात जायची. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ मध्ये सुरू झालं, पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून रिळं गोळा केली, तोवर बरंच होत्याचं नव्हतं झालं होतं. जे आलं त्यातलंही २००३ च्या आगीत जळालं. नायट्रेटच होतं ते.

तरी 'प्रभात'चे बोलपट पुष्कळसे वाचले, कारण दामल्यांच्या पुढच्या पिढीने ते जिद्दीने परत मिळवले आणि सांभाळले. तू 'संत तुकाराम', 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी' या क्रमाने बघ. संकलन शिकतेस तर 'कुंकू' दोनदा.


प्रतिसाद : मैना

नवीन सभासद, तुला एक आनंदाची गोष्टही सांगते. 'प्रभात'मध्ये तुझ्यासारखीच शिकायला आलेली पोरं होती. अनंत माने तिथेच संकलन शिकले आणि पुढे त्यांचा १९५९ चा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला, नायिका हंसाबाईच. राजा नेने, दत्ता धर्माधिकारी तिथलेच. १९४६ चा 'हम एक हैं' हा देव आनंदचा पहिला चित्रपट 'प्रभात'चा, आणि गुरुदत्त तेव्हा तिथे नृत्यदिग्दर्शनाचं काम करत होता. धोब्याकडे दोघांच्या सदऱ्यांची अदलाबदल झाली आणि त्यातून मैत्री जुळली, ही गोष्ट देव आनंदने आयुष्यभर सांगितली. तू शिकत असशील त्या खोलीतही असंच कुणीतरी बसलेलं असेल.


प्रतिसाद : एरंडवणेकर

रेडिओकाकांच्या सांगण्यावरून काल दुपारी आईला 'कुंकू' लावून दिला. मी आवाज थोडा मोठा केला, तिने हाताने खुणावून कमी करायला लावला.

सुरुवातीला तिला कोण कोण ते सांगावं लागलं. आत्या कोण, काका कोण, तो गिरणीसारखं बोलणारा मुलगा कोण. अर्ध्या तासाने तिने मला गप्प बसवलं. मग एका ठिकाणी बराच वेळ कुणीच बोलत नव्हतं, फक्त घड्याळ चालू होतं. मला वाटलं झोप लागली तिला. तर म्हणाली, "हे घड्याळ आपल्या नाशिकच्या वाड्यातल्या माडीवर होतं तसलं आहे. तुझ्या आजीला त्याचा आवाज सहन व्हायचा नाही."

आजीचं लग्न बिजवराशी झालं होतं एवढं मला माहीत होतं. घड्याळाचं आई पहिल्यांदाच बोलली. चित्रपट संपल्यावर तासभर आजीबद्दलच सांगत होती. मी टीव्ही बंद केला आणि वही घेऊन बसलो.